चिंचेतलं टार्टारिक आम्ल वेगळं करतेय, पण स्फटिक होत नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये गावाकडून पोतंभर चिंचा आल्या होत्या. मी, सासूबाई आणि लेक गॅलरीत चिंचा फोडत बसलो होतो. लेक तेव्हा आठवीत होती. शाळेत आम्लांचा तक्ता पाठ करून घेतला होता: लिंबू सायट्रिक, दही लॅक्टिक, चिंच टार्टारिक. चिंचोका काढता काढता तिने विचारलं, "आई, टार्टारिक यात आहे म्हणतात, पण ते दिसतं कसं? पांढरं असतं का?"

मला सांगता आलं नाही. माझं शिक्षण कॉमर्सचं, नोकरी बँकेतली. दुकानातून बाटली आणून दाखवता आली असती, पण तिला बाटलीतलं बघायचं नव्हतं, या चिंचेतलं बघायचं होतं. मलाही तेच हवं होतं. आयुष्यभर चिंचेने देवाची तांब्याची भांडी घासली, आमटीत कोळ घातला, आणि त्या आंबटपणाचा एक कण कधी हातात घेऊन पाहिला नाही. तेव्हापासून हा नाद लागलाय. चार महिने झाले, दोन प्रयत्न फसले. आता जाणकारांनी हात द्यावा.

वाचून मला कळलेली रीत अशी. चिंचेचा कोळ काढायचा, त्यात कॅल्शियम असलेलं काही घालायचं, की टार्टारिक आम्लाचं कॅल्शियम टार्टरेट होऊन तळाशी बसतं. साखर, रंग, बाकी सगळं वरच्या पाण्यात राहतं. तो साका धुऊन घ्यायचा आणि त्यावर तीव्र आम्ल घालून टार्टारिक परत मोकळं करायचं. स्वीडनच्या शील नावाच्या औषधविक्याने १७६९ साली द्राक्षाच्या दारूच्या पिंपात जमणाऱ्या खरीपासून असंच टार्टारिक आम्ल वेगळं केलं. अडीचशे वर्षांपूर्वी एका औषधाच्या दुकानात जमलं ते कोथरूडच्या स्वयंपाकघरात जमावं, असं मनापासून वाटतं.

पहिला प्रयत्न थोडक्यात सांगते. कोळात शाळेचे खडू कुटून घातले. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असं लहानपणी शिकलो होतो, म्हणून फेस येईल अशी वाट बघत बसलो. एक बुडबुडा आला नाही. नंतर समजलं, हल्ली फळ्यावरचे खडू बहुतेक जिप्समचे असतात. जिप्सम आधीच कॅल्शियम सल्फेट, ते आम्लाशी काही करत नाही. कोळ टाकून दिला.

दुसरा प्रयत्न सविस्तर लिहिते, कारण घोळ तिथेच आहे.

बिनमिठाची, चिंचोके आणि शिरा काढलेली २५० ग्रॅम चिंच. एक लिटर गरम पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी कुस्करून पंचातून गाळली. गाळताना फार वेळ गेला, कोळ बुळबुळीत होता. मग पानाचा चुना पाण्यात कालवून थोडा थोडा घातला. पुरेसा झाला हे कळावं म्हणून हळदीत भिजवून वाळवलेला कागद वापरला. कागद लाल होईपर्यंत चुना घालत गेले, आणि साका लवकर बसावा म्हणून पातेलं वीस मिनिटं उकळलं. कोळाचा रंग आधी कोऱ्या चहासारखा आणि नंतर थेट काकवीसारखा झाला. थंड झाल्यावर वरचं पाणी ओतून दिलं, साका एकदा पाण्याने धुतला, उन्हात वाळवला. ६१ ग्रॅम भरला, रंग मातकट.

यावर तीव्र आम्ल हवं होतं. घरात फरशी धुवायचं अ‍ॅसिड होतं, म्हणजे हायड्रोक्लोरिक. हातमोजे आणि चष्मा घालून, लेकीला आत पाठवून, गॅलरीत काचेच्या बरणीत ते पातळ करून घातलं. साका फसफसून अगदी सगळा विरघळला. मला इतका आनंद झाला! वाटलं, आता पाणी आटवलं की स्फटिक. मंद आचेवर आटवलं. पाकासारखं दाट, तपकिरी द्रव उरलं. ते वाडग्यात मलमलीने झाकून खिडकीत ठेवलं, त्याला आज एकोणीस दिवस झाले. स्फटिक नाहीत. उलट वाडग्यातलं द्रव वाढल्यासारखं दिसतंय.

तर माझे प्रश्न. द्रव घट्ट का होत नाही, पावसाळ्यामुळे का? रंग इतका काळा का झाला? आम्ल चुकलं का, आणि चुकलं असेल तर कोणतं, किती? आणि शेवटी जे मिळेल ते टार्टारिकच आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

मला किलोभर नको आहे. लेकीच्या तळहातावर ठेवता येतील एवढे चार खडे हवे आहेत.

प्रतिसाद १

ताई, आधी तुमच्या वाडग्याचं सांगतो. कॅल्शियम टार्टरेटवर हायड्रोक्लोरिक घातलं की टार्टारिक आम्ल मोकळं होतं हे खरं, पण सोबत कॅल्शियम क्लोराइड तयार होतं, आणि दोन्ही पाण्यात विरघळलेलीच राहतात. सगळं विरघळलं म्हणून तुम्हाला आनंद झाला, पण अडचण नेमकी तीच आहे. आम्ल नुसतं जोरकस असून भागत नाही. त्याचं कॅल्शियमचं मीठ खाली बसणारं हवं. म्हणून सल्फ्युरिक घेतात: कॅल्शियम जिप्सम होऊन गाळात जातं आणि वरच्या पाण्यात टार्टारिक राहतं.

द्रव वाढल्यासारखं दिसतंय हा भास नाही. पावसाळ्यात कपाटात ठेवायचे ओलावा शोषणारे डबे येतात ना, त्यांत कॅल्शियम क्लोराइडच असतं आणि महिन्याभरात त्यांच्या तळाशी पाणी साचतं. तुमचा वाडगा पुण्याच्या हवेतून पाणी ओढतोय. तो वर्षभर ठेवलात तरी सुकणार नाही. आणि हायड्रोक्लोरिक असलेलं काही घरात आचेवर आटवू नका, वाफा फुप्फुसांना आणि गॅसच्या शेगडीलाही वाईट.

हिशेब असा. कॅल्शियम टार्टरेट त्याच्या स्फटिकजलासकट २६० ग्रॅम घेतलं तर सल्फ्युरिक ९८ ग्रॅम लागतं आणि टार्टारिक १५० ग्रॅम मिळतं. म्हणजे २६ ग्रॅम साक्याला ९.८ ग्रॅम शुद्ध सल्फ्युरिक, आणि सगळं नीट झालं तर हाती १५ ग्रॅम. सल्फ्युरिक जास्त झालं तर ते आटवताना मागे राहतं, घट्ट होत जातं आणि सगळं करपवतं. कमी पडलं तर थोडं टार्टरेट तसंच राहील, तेवढं चालेल. म्हणून हिशेबाच्या नऊ-दशांशच घाला.

प्रतिसाद २

मी पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे काकवीचा रंग म्हटल्याबरोबर ओळखलं. चिंचेत आम्लाइतकीच, किंबहुना जास्त, साखर असते, आणि ती मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या दोन साखरा चुन्यात गरम केल्या की मोडतात आणि काळ्या पडतात. उसाच्या रसात आम्ही चुन्याचं दूध घालायचो तेव्हा सामू साताच्या फार पुढे जाऊ नये म्हणून पाळीला पाळी डोळ्यांत तेल घालून बसायचो. तुम्ही हळद लाल होईपर्यंत चुना घातलात, म्हणजे आठाच्या पुढे गेलात, आणि वर उकळलंत.

दुसरं म्हणजे तुमचे ६१ ग्रॅम खरे नाहीत. त्यात न लागलेला चुना आहे, चोथा आहे. त्या वजनावर आम्लाचा हिशेब केलात तर तो चुकणारच.

चुन्याऐवजी अंड्याची टरफलं घ्या. ती जवळजवळ सगळी कॅल्शियम कार्बोनेटची असतात. आतला पापुद्रा काढा, उकळा, वाळवा, मिक्सरमधून पीठ करा. कार्बोनेटचा फायदा असा की जास्त पडलं तरी कोळ आम्लारी होत नाही, साखर काळी पडत नाही, आणि फेस थांबला की काम संपलं हे डोळ्यांना दिसतं.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण सोडून देतात. चिंचेतलं थोडं टार्टारिक पोटॅशियमशी बांधलेलं असतं. टरफलांनी त्यातलं अर्धंच खाली बसतं, अर्धं पोटॅशियम टार्टरेट म्हणून पाण्यात राहतं. ते मिळवायला कॅल्शियमचं विरघळणारं मीठ लागतं. वेगळं काही आणू नका. व्हिनेगरमध्ये टरफलांचं पीठ घालून दोन दिवस ठेवा, तळाशी टरफलं उरली पाहिजेत म्हणजे व्हिनेगर शिल्लक नाही. वरची निवळ ती तुमची. कपभर पुरेल.

साका रात्रभर बसू द्या. कॅल्शियम टार्टरेट सावकाश बसतं, पण नीट वाळूसारखं बसतं. मग धुवा, पुन्हा धुवा, वरचं पाणी बिनरंगी होईपर्यंत धुवा. बोअरचं नको, नळाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. सारी स्वच्छता इथेच होते, पुढे नाही. ज्याने साका आळसाने धुतला त्याचे स्फटिक कधी पांढरे झाले नाहीत.

प्रतिसाद ३

कशाला एवढा खटाटोप? बेकरीचं सामान मिळतं तिथे टार्टारिकची पुडी मिळते.

धागालेखिका

मिळते, मला माहीत आहे. पण पुडीवर नाव छापलेलं असतं आणि आपण ते मानतो. लेकीने ते चिंचेतून बाहेर येताना बघावं असं मला वाटतं.

पहिल्या प्रतिसादातल्या दादांचे आणि कारखान्यातल्या काकांचे मनापासून आभार. एकोणीस दिवस रोज सकाळी वाडगा बघत होते, आता निदान का ते कळलं. वाडग्यातलं द्रव खायचा सोडा घालून, फेस थांबल्यावर भरपूर पाण्याने ओतून दिलं.

सल्फ्युरिक कुठून आणू? बॅटरीच्या दुकानात विचारलं तर दुकानदाराने ओळखपत्र मागितलं आणि कारण विचारलं. मी चिंचेचं सांगितलं तर त्याला पटलं नाही, दिलं नाही.

प्रतिसाद ४

दुकानदाराने बरोबर केलं, त्याच्यावर रागावू नका. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं, कारण लिहून घ्यायचं, अठराखालच्या कुणालाही द्यायचं नाही. मुलींच्या चेहऱ्यांवर अ‍ॅसिड फेकलं गेलं म्हणून हे नियम आले, आणि ते पाळले जातात हे ऐकून बरं वाटलं.

घरी आणूच नका असं मी म्हणेन. साक्यापर्यंतचं सगळं काम घरी करा, त्यात धोका नाही. तेवढी एक पायरी ओळखीच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, रसायनशास्त्राच्या सरांसमोर करा. मी स्वतः अशी प्रयोगशाळा सांभाळते. कुणी धुतलेला साका डब्यात घेऊन माझ्याकडे आलं असतं तर मी आनंदाने वेळ काढला असता.

तिथे गेलात की आणखी एक फायदा. सल्फ्युरिक जास्त झालं का हे बेरियम क्लोराइडने बघता येतं. गाळलेल्या पाण्याच्या थेंबात थोडं पातळ हायड्रोक्लोरिक आणि मग बेरियम क्लोराइड. किंचित धूसर झालं तर ते पाण्यात विरघळलेलं जिप्सम, लिटरला दोनेक ग्रॅम ते विरघळतंच. दह्यासारखं पांढरं दाट आलं तर सल्फ्युरिक जास्त झालंय, थोडा साका आणखी घाला. बेरियम क्लोराइड विषारी आहे, त्याला सरांनीच हात लावावा.

आणि आटवताना घाई नको. टार्टारिक पाण्यात भयंकर विरघळतं, १०० मिलिलिटर पाण्यात साधारण १३० ग्रॅम. तुमचे दहा-पंधरा ग्रॅम मोठ्या चमचाभर पाण्यातसुद्धा विरघळून बसतील. म्हणून अगदी थोडं द्रव उरेपर्यंत आटवावं लागतं, पण थेट आचेवर नाही, उकळत्या पाण्याच्या वाफेवर.

प्रतिसाद २ (पुन्हा)

लिंबाचं करून बघणार असाल तर एक लक्षात ठेवा. कॅल्शियम सायट्रेट उलट्या स्वभावाचं आहे, गरम पाण्यात कमी विरघळतं आणि गार झालं की जास्त. म्हणून लिंबाचा साका गरम असतानाच गाळायचा. शीलने १७८४ साली लिंबाच्या रसातून सायट्रिकचे स्फटिक काढले ते याच चुन्याच्या वाटेने. चिंचेचा साका मात्र गार होऊ द्या.

धागालेखिका (पाच आठवड्यांनी)

मंडळी, झालं! सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला उपयोग होईल.

आमच्या घरी अंडी येत नाहीत. कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवाल्या दादांना सांगून ठेवलं, त्यांनी दोन रात्रींत पिशवीभर टरफलं दिली. पापुद्रे लेकीने काढले. कोळ यावेळी दोनदा गाळला, आधी पंचातून, मग चौपदरी मलमलीतून. टरफलांचं पीठ चमच्या-चमच्याने घातलं. पहिल्या चमच्याला कोळ उतू जाईल इतका फेस आला. खडूच्या वेळी ज्याची वाट बघितली होती तो हा फेस. लेक पातेल्यावर वाकून कान लावून ऐकत होती, म्हणाली सोडा फोडल्यासारखा आवाज येतोय.

फेस थांबल्यावर व्हिनेगरची निवळ घातली आणि पातेलं झाकून ठेवलं. सकाळी तळाशी फिकट साका होता. बोटाने चोळला तर रव्यासारखा कचकच लागला. दुसऱ्या प्रयत्नातला साका चिखलासारखा होता, त्यामुळे हा फरक हातालाच कळला. सहा वेळा धुतला. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं, चौथं पिवळसर, सहावं नळाच्या पाण्यासारखं. सावलीत वाळवून ३४ ग्रॅम भरला.

आमच्याच सोसायटीत राहणारे एक सर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांना सगळी हकिकत सांगितली, तर त्यांनी प्राचार्यांची परवानगी काढून शनिवारी दुपारी बोलावलं. लेकीला चष्मा घालून टेबलापासून लांब उभं केलं, आम्ल सरांनीच ओतलं, पाण्यात आम्ल अशा क्रमाने. २६ ग्रॅम साका घेतला, दहा टक्के सल्फ्युरिकचे ८८ ग्रॅम, म्हणजे हिशेबाच्या नऊ-दशांश. तासभर कोमट ठेवून ढवळलं. भांड्यात आधी साका होता आणि नंतरही पांढरा गाळच दिसत होता, म्हणून मला वाटलं काही झालंच नाही. सर म्हणाले, नीट बघा, आधीचा वाळूसारखा होता, हा मऊ आणि सुईसुईचा आहे. जिप्सम! गाळून धुतला. बेरियमच्या थेंबाला फक्त धूसर छटा आली.

वरचं पाणी बरणीत भरून घरी आणलं. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर काचेचा वाडगा, तीन संध्याकाळी. अर्ध्यावर आटल्यावर आणखी थोड्या पांढऱ्या सुया तळाशी आल्या, त्या पुन्हा गाळल्या. साधारण वीस मिलिलिटर उरल्यावर वाडगा एका मोठ्या हवाबंद डब्यात ठेवला आणि शेजारी बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फोडून, कढईत गरम करून, वाटीत ठेवल्या. ऑगस्टच्या हवेवर माझा विश्वास नव्हता.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी लेकीने काचेच्या कांडीने वाडग्याची आतली कड हलकेच खरवडली. सहाव्या दिवशी सकाळी शाळेची गडबड चालू असताना तिने हाक मारली. कडेला, द्रवाच्या रेषेवर, तिळाएवढा एक तुकडा चमकत होता. खडीसाखरेसारखा पारदर्शक, पण टोकं तिरकी कापल्यासारखी. संध्याकाळपर्यंत तसे अकरा झाले. आठवड्याने गाळून, टिपकागदावर सुकवून, सरांच्या तराजूवर ८.४ ग्रॅम भरले. सगळ्यात मोठा भाताच्या शिताएवढा आहे.

आणि ओळख पटवायची युक्ती सरांनी दिली, ती लिहून ठेवते. थोड्याशा पाण्यात आपले स्फटिक दाट विरघळवायचे आणि त्यात पोटॅशचं घट्ट द्रावण घालायचं. मी गच्चीतल्या गुलाबांना घालते ते पांढरं पोटॅश खत वापरलं. पोटॅशियमचं आम्लयुक्त टार्टरेट पाण्यात फार कमी विरघळतं, म्हणून ते खाली बसतं. सायट्रिक असतं तर बसलं नसतं. दोन वाट्या शेजारी ठेवल्या, एकीत आमचं, दुसरीत किराणा दुकानातलं लिंबूफूल. कांडीने घासल्यावर दहा मिनिटांत आमच्या वाटीत बारीक पांढरी वाळू उतरली. लिंबूफुलाची वाटी निवळशंख राहिली. सर म्हणाले, द्राक्षाच्या दारूच्या पिंपाला लागणारी खर ती हीच, शीलने जिथून सुरुवात केली ती. म्हणजे तो खरीपासून आम्लाकडे गेला आणि आम्ही आम्लापासून खरीकडे आलो.

खडे चाखलेले नाहीत आणि चाखणारही नाही, प्रयोगशाळेच्या भांड्यांतून आलेत. लहान बाटलीत भरून वर चिठ्ठी लावली आहे: चिंच, २५० ग्रॅम, मार्च.

एक शेवटची शंका. खड्यांना पिवळसर झाक आहे. मत्स्यालयाच्या दुकानातला कोळसा पातळ आम्लाने धुऊन, त्यातून द्रावण गाळून पुन्हा स्फटिक केले तर झाक जाईल असं सर म्हणतात. पण इतकं विरघळणारं आम्ल, त्यात जेमतेम आठ ग्रॅम. काका, तुम्ही साखरेचे स्फटिक आयुष्यभर काढलेत, पुन्हा विरघळवले तर यातले अंदाजे किती हाती राहतील? निम्मे जाणार असतील तर लेक म्हणते, पिवळे असू देत.